नव्वद दिवसांचं कुलूप

आमच्या कारखान्यात कुणी काहीही सांगायला आलं, की जोगदेव ताई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "किसके नाम से लिखूँ?"

सांगणारा सुपरवायझर असो, ट्रकचा ड्रायव्हर असो, नाहीतर खुद्द मालक. 'आज दोन नंबरच्या मशीनवर दुसरा माल चढवा' असा निरोप आला, की ताई निरोप आणणाऱ्याचं नाव लिहून घेणार, पाठवणाऱ्याचं लिहून घेणार, आणि मग दोन्ही नावं खणखणीत आवाजात वाचून दाखवणार. निम्मे निरोप तिथेच विरघळायचे. "रेने दो मैडम, एक बार पूछ के आता हूँ," असं म्हणून माणूस जो जायचा, तो काही परत यायचा नाही.

कुमुद जोगदेव. देवासच्या आमच्या कारखान्यात त्या प्लॅनिंगच्या प्रमुख होत्या. कोणता माल कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर चढेल ते त्यांनी ठरवायचं. आम्ही लेथ मशीनचे बेड बनवतो, म्हणजे ज्याच्यावर अख्खं मशीन उभं राहतं तो ओतीव लोखंडाचा पाया. ओतकाम धारजवळच्या युनिटमध्ये होतं आणि कापणं-घासणं देवासला. मधे शंभरेक किलोमीटर आणि इंदूरची गर्दी. ताई मूळच्या धारच्या. आजोबा संस्थानाच्या दफ्तरात होते, वडील शाळामास्तर. नोकरीपुरती देवासला टेकरीच्या पायथ्याशी एक खोली. शनिवारी बस धरून धार, सोमवारी परत. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत फक्त एका नव्या मॅनेजरने केली होती. त्यालाही "किसके नाम से लिखूँ?" असंच उत्तर मिळालं, असं कँटीनमध्ये सांगतात. खरंखोटं देव जाणे.

उंचीने एवढ्याशा. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट. त्या बुटांचीही एक कथा आहे. कंपनी बूट आणायची ते फक्त पुरुषांच्या मापाचे. ताईंनी मोठ्या बुटात चिंध्या कोंबून दिवस काढले आणि रोज सकाळी तक्रारपेटीत एक चिठ्ठी टाकली, तारीख घालून, 'माझ्या मापाचे बूट आले नाहीत.' ती पेटी वर्षातून एकदा उघडायची पद्धत होती. उघडली तेव्हा आत दुसऱ्या कुणाची चिठ्ठी मावायला जागा उरली नव्हती. पुढच्या आठवड्यात चार नंबरचे बूट आले.

मी तिथे कंप्युटर सांभाळतो. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी विदर्भातून देवासला आले, मी हिंदी शाळेत शिकलो. मराठी बोलायचो, पण वाचायला घेतली की अडखळत, बोट ठेवत. ताईंना हे पहिल्या महिन्यात कळलं आणि त्या दिवसापासून त्यांनी मला एकही चिठ्ठी हिंदीत लिहिली नाही. कामाच्या चिठ्ठ्या, त्याही त्यांच्या वळणदार, जुन्या धाटणीच्या अक्षरात. 'आपण कळविलेला मजकूर पावला' असं त्या साध्या प्रिंटरच्या कागदाबद्दलही लिहायच्या. मी चिडायचो. आज हे चार शब्द लिहितोय ते त्या छळामुळे, हे कबूल करायला हवं.

तर, कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं त्याची ही गोष्ट. खरेदी, गोदाम, उत्पादन, तपासणी, विक्री, सगळं एकाच ठिकाणी जोडणारं. मालकांना सगळे बाऊजी म्हणतात. त्यांचा मुलगा अंशुल बाहेरून शिकून आला होता, हे त्याचं स्वप्न. माणूस वाईट नाही, आधीच सांगून ठेवतो. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी असायची.

सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर सगळा कारखाना धास्तावला. गोदामवाल्यांना वाटलं, आता आपली नोकरी जाणार. सुपरवायझरांना वाटलं, आपली मुजोरी जाणार. एकट्या ताई खूश होत्या. पुण्याहून आलेल्या कंपनीने कामाचा आराखडा म्हणून जाडजूड बाड दिलं. कुणी ते उघडलंही नाही. ताईंनी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि समासात शेकड्याने शंका काढल्या. सॉफ्टवेअर हा शब्द मात्र त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. त्या त्याला 'दफ्तर' म्हणायच्या. "मिलिंद, दफ्तर चालू झालं का रे?" असं सकाळी आल्या आल्या विचारायच्या. आजोबांच्या दफ्तरात एकदा नोंदला गेलेला कागद खुद्द महाराजांनाही फाडता येत नसे, असं त्यांच्या घरात सांगत. मी एकदा म्हटलं, "ताई, महाराजांनी फाडला असता तर आजोबांनी काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "विचारलं असतं, कुणाच्या नावाने फाडला म्हणून लिहू?"

पहिली ठिणगी पडली ती आराखड्याच्या बैठकीत. पुण्याचा कौस्तुभ नावाचा हुशार मुलगा फळ्यावर आमच्या मालाचा प्रवास काढत होता. ओतकाम, साफसफाई, मग बाणाने थेट मशीन.

"मधे विसावा राहिला," ताई म्हणाल्या.

कौस्तुभला कळेना. ताईंनी समजावलं. ओतलेलं लोखंड वरून थंड होतं पण आतून तणलेलं असतं. तसंच मशीनवर चढवून कापलं, तर पुढे महिन्या-दोन महिन्यांनी केसभर का होईना, पिळतं. आणि लेथचा बेड केसभर पिळला, तर त्याच्यावर बनणारी प्रत्येक वस्तू वाकडी. म्हणून धारच्या अंगणात कच्चे बेड ऊन-वारा-पाऊस खात नव्वद दिवस नुसते पडून असतात.

कौस्तुभ लिहायला बसला. "या टप्प्यावर मशीन कोणतं?"

"कुठलंच नाही."

"माणसं किती?"

"एकही नाही."

"मग ताई, सॉरी, पण सिस्टिमच्या भाषेत हा टप्पाच होत नाही. तो नुसता पडून असलेला माल झाला."

"बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते," ताई म्हणाल्या, "तेव्हा तुमच्याकडे पुण्याला काय लिहितात? नुसती पडून आहे?"

बैठकीत हशा पिकला. अंशुलजी मात्र हसले नाहीत. नव्वद दिवस हा त्यांच्या डोळ्यांतला खडा होता. पण बाऊजी कोपऱ्यात बसले होते, त्यांनी मान हलवली, आणि फळ्यावर एक जास्तीचा चौकोन आला. त्यात काय लिहायचं यावर कौस्तुभने तीन इंग्रजी नावं सुचवली. ताईंनी खडू घेऊन स्वतःच लिहिलं, 'विसावा'. आजही आमच्या सिस्टिममध्ये सगळे टप्पे इंग्रजीत आहेत आणि तो एक मराठीत आहे.

मला तेव्हा ताईंचं हे सगळं थोडं जास्तच वाटलं होतं. नव्वदच्या जागी साठ झाले तर काय आकाश कोसळणार आहे? त्या दिवशी जेवताना मी तसं बोलून गेलो. ताईंचा डबा बरोबर साडेबाराला उघडायचा. वरण असो, भाजी असो, वर मूठभर शेव पडणारच. घराणं कितीही जुनं मराठी असलं तरी जीभ माळव्याची. त्यांनी शेव टाकता टाकता हात थांबवला.

"तीस वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी येतं. ऑर्डर मोठी आहे, ग्राहक चिडलाय, या वेळी पन्नास दिवसांतच सोडा. दर वेळी मी नाही म्हणते. शिव्या खाते, पगारवाढ अडते, पण नाही म्हणते. मला आता दोनच वर्षं उरली. मी गेल्यावर नाही कोण म्हणणार? तू म्हणशील?"

मी कसला म्हणतोय.

"म्हणून हे दफ्तर हवंय मला," ताई म्हणाल्या. "त्याला पगारवाढ नको, बढती नको. त्याला नाही म्हणायला शिकवून जायचंय." आणि पुन्हा जेवायला लागल्या.

त्या दिवशी मला या बाईचा पहिला खरा अंदाज आला. बाकी सगळे सॉफ्टवेअरला भीत होते कारण ते त्यांची सत्ता घेणार होतं. या बाईला आपला नकारच त्याच्या हवाली करायचा होता.

सिस्टिम सुरू करायचा मुहूर्त निघाला आखातीजचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सकाळी अकरा एक्केचाळीस. कौस्तुभने त्याच्या तक्त्यात दुसरीच तारीख धरली होती, त्याला कुणी विचारलं नाही. सर्व्हरवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. बाऊजींनी नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि मी देवाचं नाव जरा मनापासून घेतलं. बटण दाबलं. पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी मी शिलकी मालाची पहिली यादी छापली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कच्चे बेड एकशे एक. मोठे बोल्ट पाचशे एक. बेअरिंग एकावन्न. पट्टे एकवीस. कुठलाही आकडा घ्या, शेवटी एक. मला वाटलं सिस्टिममध्ये काहीतरी बिघडलंय. पुण्याला फोन केले, कौस्तुभने तिकडून तास न् तास तपासलं, काही सापडेना. शेवटी यादी घेऊन ताईंकडे गेलो. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, अर्धं पान वाचलं, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले.

"अरे, हा माल नाही लिहिलेला. हा आहेर लिहिलाय."

गोदामवाल्यांनी शुभ काम म्हणून प्रत्येक आकड्यात शगुनाचा एक घातला होता. जाब विचारायला ताई गेल्या, तर गोदामाचा मुख्य भोळेपणाने म्हणाला, "मैडम, आखातीज के दिन कोरा आँकड़ा कौन डालता है? अपशगुन हो जाता."

आता ताई हसत नव्हत्या. "यह एक बेड दिखाओ मुझे," त्या म्हणाल्या. "एक सौ एकवाँ. कल ग्राहक माँगेगा तो शगुन भेजोगे?"

मग पुढचे तीन आठवडे त्यांनी अख्खा कारखाना मोजला. हातात खडू, पायात चार नंबरचे बूट, मागे गोदामवाले. मोजलेल्या रॅकवर फुली. एक-एक शगुन यादीतून काढला. गोदामवाले कुरकुरायला लागले की देव कोपेल, तेव्हा ताईंनी तोड काढली. काढलेल्या प्रत्येक एकासाठी टेबलावरच्या गणपतीपुढे एक सुपारी. तीन आठवड्यांनी गणपती सुपाऱ्यांच्या ढिगाआड गेला होता आणि आमची यादी, कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, खरी होती. गोदामवाले त्यानंतर ताईंच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, कारण त्यांच्या देवाला ताईंनी नाराज केलं नव्हतं.

खरी लढाई पुढे झाली. विसाव्याचं कुलूप लागलं होतं: बेड अंगणात आल्याची तारीख पडली की नव्वद दिवस पुरे होईपर्यंत सिस्टिम तो मशीनसाठी देईना. अंशुलजींनी बैठक बोलावली. प्रत्येक कुलपाला एक किल्ली हवी, त्यांचं म्हणणं. मालकाला आपलाच माल सोडता येत नसेल तर तो मालक कसला? यात चुकीचं काही नव्हतं. कौस्तुभनेही मान डोलावली.

सगळे ताईंकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ठिणग्या उडणार. ताई शांतपणे म्हणाल्या, "हो. किल्ली हवीच."

अंशुलजी खुलले. "देखा, मैडम समझती हैं."

"फक्त किल्ली लावणाऱ्याचं नाव आणि कारण लिहिल्याशिवाय कुलूप उघडू नये," ताई म्हणाल्या. "आणि बेडबरोबर ग्राहकाला तपासणीचा दाखला जातो ना, त्यावर दोन ओळी छापाव्यात. विसाव्याचे दिवस किती झाले, आणि कमी असतील तर कुणी सोडलं."

कोपऱ्यात बसलेल्या बाऊजींनी डोळे मिटले होते, ते मिटलेलेच ठेवून म्हणाले, "ठीक तो है. छुपाना क्या है?" बापापुढे अंशुलजी काय बोलणार? तशी व्यवस्था झाली.

पंधरा दिवसांनी अंशुलजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मिलिंद भिया, वो दाख़ले वाली दूसरी लाइन है ना, नाम वाली. उसको चुपचाप हटा दो. अपन ग्राहक को अपने घर की बातें क्यूँ बताएँ?"

छापायचा नमुना माझ्याच हातात होता. दहा मिनिटांचं काम. खरं सांगतो, मी ते करणार होतो. घरी दोन मुली, घराचा हप्ता, माझी छाती काही एवढी मोठी नाही. जागेवर येऊन तो नमुना उघडलाही होता. ताई कुठूनशा मागे येऊन उभ्या राहिल्या, पडद्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या टेबलाचा खण उघडला आणि बदल-अर्जाचा एक कोरा कागद काढून पुढे ठेवला. सिस्टिम सुरू झाल्यावर त्यात काहीही बदलायचं तर हा अर्ज भरायचा, असा नियम होता. नियम खुद्द अंशुलजींनीच केला होता. काय बदलायचं, का बदलायचं, कुणाच्या सांगण्यावरून, सही.

"काढ की ओळ," ताई म्हणाल्या. "मी कशाला अडवू? फक्त हा भरून घे त्यांच्याकडून."

तो कागद घेऊन केबिनपर्यंत जायला मला किती वेळ लागला ते मला माहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी मालकाच्या पुढ्यात असा कागद ठेवत होतो. "सर, यह भर दीजिए, अभी हटा देता हूँ," असं म्हटलं. अंशुलजींनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. 'दाखल्यावरून माझं नाव वगळण्यासाठी', असं काहीतरी त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, आणि खाली सही करायची होती. त्यांनी कागद खणात टाकला. "देखते हैं," म्हणाले. तो अर्ज कधी भरून आला नाही, आणि ओळ दाखल्यावर राहिली.

कुणाचं डोकं यामागे आहे ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात ताईंची बदली झाली. देवासचं प्लॅनिंग सोडायचं, धारच्या युनिटमध्ये अंगणातल्या मालाची नोंद बघायची. तीस वर्षांच्या प्रमुखबाईला अंगण झाडायला पाठवल्यासारखंच ते. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. अंशुलजींनी पत्र हातात दिलं तेव्हा ताईंनी ते वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं.

"मायके भेज रहे हैं मुझे," त्या म्हणाल्या. "हमारे यहाँ बेटी को खाली हाथ नहीं भेजते. ओटी भरवा दीजिए."

आणि खरोखर पदर पसरून उभ्या राहिल्या. आता हसावं की रडावं? कँटीनवाल्या बाईने धावत जाऊन मूठभर गहू आणि नारळ आणला, आखातीजला आणलेल्यांपैकी एक उरलेला असावा, आणि भर ऑफिसात, मालकाच्या केबिनच्या दारात, साठीला टेकलेल्या त्या कुमारिकेची ओटी भरली गेली. बायका आजही ही गोष्ट सांगतात. अंशुलजी लाल झाले होते, पण नारळाला नमस्कार त्यांनीही केला.

धारला ताई भलत्याच खुशीत राहिल्या. आता त्यांची कच्ची बाळं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तिथे अंगणात गेंदालाल नावाचा जुना माणूस क्रेन चालवायचा. त्याला वाचता येत नसे. ताईंनी प्रत्येक बेडवर आल्याचा दिवस पांढऱ्या रंगाने घातला, आणि गेंदालालला आकडे शिकवले. मी महिन्यातून एकदा कामाला जायचो तेव्हा तो मला एकेक बेड दाखवायचा, "यो सत्तर को व्यो, यो अबी पाक्यो नी." म्हणजे हा सत्तर दिवसांचा झाला, हा अजून पिकला नाही. दोघं त्या रांगांमधून हिंडताना शेतावर फेरी मारणाऱ्या माणसांसारखी दिसायची. तिथूनच ताई निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, चार भाषणं. ताईंनी भाषण केलं नाही. मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "दाखल्याची ओळ आहे ना रे?" मी म्हटलं, "आहे." मग त्या घरी गेल्या.

पण माझ्या मनात खुटखुटत होतंच. त्या असेपर्यंत कुलपापेक्षा त्यांचाच धाक जास्त होता. आता कुलूप एकटं होतं.

आठ महिन्यांनी ती वेळ आली. एक मोठी ऑर्डर, ग्राहकाचा तगादा, धारच्या अंगणात बावन्न दिवसांचे बेड. अंशुलजींकडे किल्ली होती, लावायची फक्त. दोन दिवस त्यांनी सिस्टिममधली किल्लीची चौकट उघडली आणि बंद केली. मला माझ्या पडद्यावर दिसत होतं. 'सोडणाऱ्याचं नाव' या रकान्यापाशी येऊन दोन्ही वेळा थांबले. बाऊजी आता अंथरुणाला खिळले होते, विचारणारं कुणी नव्हतं. तरी थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला धारला यायला सांगितलं. सिस्टिममध्ये ताईंच्या नावाचं नवं खातं उघडायचं होतं. सल्लागार म्हणून. ग्राहक ताईंना ओळखत होते. त्यांच्या नावाने सोडलेला बेड कुणी परत पाठवला नसता.

ताईंनी फोनवर "येते" म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. म्हटलं, माणसाची तरी कुठे खात्री द्यावी. रिकामं घर, रिकामे दिवस, मालक मानाने बोलावतोय. मीच खातं उघडून ठेवलं.

ताई आल्या त्या थेट अंगणात गेल्या. आम्ही मागोमाग. मार्चचं ऊन तापायला लागलं होतं. त्यांनी एका बेडवर तळवा ठेवला आणि गेंदालालकडे पाहिलं. गेंदालालने मालकासमोर तोंड उघडलं नाही, फक्त मान नाही म्हणून हलवली. मग ऑफिसात आलो. चहा आला. अंशुलजींनी खुर्ची सरकवून दिली.

"बस नाम डालना है, मैडम. बाकी सब मिलिंद ने कर रखा है."

ताईंनी चष्मा लावून पडदा वाचला. मग कीबोर्ड उचलला आणि हळूच, कपबशी सरकवावी तसा, अंशुलजींच्या पुढ्यात सरकवला.

"आप डालिए. कारखाना आपका, माल आपका. नाम भी कितना अच्छा रखा है बाऊजी ने."

"मैडम, आप समझ नहीं रहीं. ग्राहक हाथ से जाएगा."

"उनको फोन लगाइए. कहिए अड़तीस दिन बाकी हैं, और क्यों बाकी हैं. मैं बैठी हूँ यहाँ."

अंशुलजींनी खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोरच फोन लावला. पहिल्यांदा चाचरत बोलले, मग जरा ठामपणे, आणि शेवटी शेवटी तर 'हमारे यहाँ नब्बे दिन से पहले नहीं छोड़ते' असं, जणू हे वाक्य त्यांनीच शोधून काढलं होतं. पलीकडचा माणूस चिडला, कुरकुरला आणि अर्धी ऑर्डर त्याने दुसरीकडे दिली. अर्धी राहिली. फोन ठेवून अंशुलजी कुणाशी न बोलता बाहेर निघून गेले.

"मिलिंद, माझं खातं बंद कर," ताई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

मी बंद केलं. त्यांनी गार झालेला चहा पूर्ण प्यायला, पर्स उचलली आणि निघाल्या. मी खिडकीतून बघत होतो. फाटकाबाहेर थोडा वेळ उभ्या राहिल्या, टेंपो आला, त्यात दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसल्या आणि गेल्या. त्याच वर्षी त्या बहिणीकडे नाशिकला राहायला गेल्या. फोन होतो अधूनमधून, पण भेट अशी झालीच नाही. तो 'सोडणाऱ्याचं नाव' रकाना अजून कोरा आहे, हे दर वेळी मी त्यांना सांगतो आणि त्या दर वेळी "बरं" म्हणतात.

त्या दिवशी देवासला परतताना फाटकावर माझी जायची वेळ लिहायला थांबलो. येणाऱ्या पाहुण्यांचं रजिस्टर तिथे उघडंच पडलं होतं. आत शिरण्याआधी भरायचं असतं ते: नाव, कुणाला भेटायचं, काम काय. ताईंचं वळणदार अक्षर लांबूनही कळलं. कुमुद जोगदेव. येण्याची वेळ अकरा पन्नास. भेट, श्री. अंशुलजी. आणि कामाच्या रकान्यात, आत येण्याआधीच, त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'नाही म्हणणे.'